या घरात हे नाव एकच

राणीसाहेबांनी व्हरांड्यातून हाक मारली आणि मी पळत गेलो. हाक माझ्या नावाची होती. मी नऊ वर्षांचा. हातात गाडी पुसायचं ओलं फडकं.

त्यांनी त्यांच्या मुलाला बोलावलं होतं. कुमारला. त्याचं आणि माझं नाव एकच.

"तुम्हें किसने बुलाया?"

मी खरं ते सांगितलं. "आपने."

थप्पड कुणी मारली ते आधी कळलंच नाही. कान वाजत होता. मग दिसलं, बाबा शेजारी उभे होते आणि हात त्यांचाच होता. राणीसाहेब जागच्या हलल्याही नव्हत्या. त्यांना हलावं लागत नसे.

"इस घर में ये नाम एक ही है," त्या बाबांना म्हणाल्या. "आज कौन सा दिन है?"

"बुधवार, हुकुम."

"तो इसे बुधारू बुलाओ."

बाबा त्या कोठीचे, म्हणजे राजांच्या बंगल्याचे, ड्रायव्हर. आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे, आजोबांच्या रेल्वेच्या नोकरीपायी रायपुरात आलो. कोठीमागच्या औटहाउसमधल्या दोन खोल्या बाबांना राहायला मिळाल्या होत्या. राजांच्या पदव्या, भत्ते, सगळं सरकारनं केव्हाच बंद केलं होतं. पण ती बातमी कोठीच्या आत कुणी नेली नव्हती. आत सगळे मालकांना हुकुमच म्हणत.

घरी आल्यावर बाबांनी माझा गाल पाहिला नाही. म्हणाले, "बुध काय न बुद्ध काय, एका अक्षराचा फरक हाय. तथागताचंच नाव समज."

आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "उद्या त्यायच्या कुत्र्याचं नाव तुमच्यासारखं निघालं तं तुमी काय करसान?"

"हळू बोल. खोल्या जातीन."

मी कुमारपेक्षा दोन वर्षांनी मोठा होतो. म्हणजे नाव आधी माझं. हे मी बोलायला गेलो तर आईनंच माझं तोंड दाबलं. तिच्या हाताला कांद्याचा वास होता.

त्यानंतरची भीती मी कुणाला सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. कोठीत दिवसभर ते नाव घुमायचं. जेवायला हाक, खेळायला हाक, अभ्यासाला हाक. प्रत्येक वेळी माझी मान वळायला लागायची आणि मी ती धरून ठेवायचो. चुकून वळली तर खोल्या जातील, बाबांची नोकरी जाईल, आपण रस्त्यावर येऊ. सगळं माझ्या मानेवर. हळूहळू मान शिकली. मग शाळेत गुरुजी हजेरी घ्यायचे, नाव पुकारायचे, आणि मी समोर बसून गप्प. पुढच्या बाकावरची पोट्टी मागं वळून हसायची. "अबे, तू है कि नहीं है?"

माहीत नव्हतं.

पुढं शिकलो. सरकारी नोकरी लागली, बढत्या मिळाल्या, तेलीबांध्याला फ्लॅट घेतला. आई गेली. बाबा मात्र औटहाउसमध्येच राहिले. ऐंशी पार केली तरी तिथंच. किती वेळा म्हटलं, चला. "हुकुमला विचारा लागते," म्हणायचे.

आता जे लिहायचं आहे ते लिहायला सगळ्यात जड जातंय.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे कामाला एक बाई लागली. धरसीव्याकडची, तरुण. नाव विचारलं तर म्हणाली, रोशनी. माझ्या मुलीचं नाव रोशनी. बायको काही बोलायच्या आत मीच बोललो. हसत बोललो. "अरे, घर में दो-दो रोशनी, गड़बड़ हो जाएगी. तुमको सोनी बुलाएँगे. चलेगा न?"

ती म्हणाली, "हव."

आणि मी पेपर वाचायला घेतला. काहीही आठवलं नाही मला. काहीही.

परवा फोन आला. मी जेवत होतो, हात खरकटा, म्हणून स्पीकरवर घेतला. कुमार बोलत होता. त्याचे वडील गेले, आता घराण्याची पगडी त्याला.

"बुधारू, इतवार को पगड़ी है मेरी. गाड़ी का दरवाज़ा हमेशा तुम्हारे बाबूजी ने खोला है. अब उनसे झुका नहीं जाता. तुम खोल देना."

"जी हुकुम," मी म्हणालो.

फोन ठेवला तेव्हा लक्षात आलं, मी उभा आहे. चपलांतून पाय बाहेर काढलेले. माझ्याच घरात, माझ्याच टेबलापाशी.

रोशनी, आम्ही सोनी म्हणायचो ती, ओट्यापाशी भांडी पुसत होती. तिनं विचारलं, "बुधारू कोन ए, भैया?"

खोटं बोलता आलं असतं. पण सांगितलं. कोठी, राणीसाहेब, थप्पड, बुधवार. आयुष्यात पहिल्यांदा सांगितलं, आणि तेही तिला. ती ऐकत राहिली. हातातलं भांडं खाली ठेवलं.

"त मोर नाव ला काबर बदलेव?"

माझं नाव का बदललं, एवढंच. मग भांडं उचलून पुन्हा पुसायला लागली.

मला तेव्हा जी भीती वाटली ती कोठीतल्या भीतीहून वेगळी होती. तिथं मी त्यांना भीत होतो. इथं भिण्यासारखा माणूस मीच होतो, आणि ही बाई दोन वर्षं माझ्यासमोर मान धरून वावरत होती. दुसऱ्या दिवशी मी तिला रोशनी म्हणून हाक मारली. तिनं आधी माझ्या मुलीच्या खोलीकडं पाहिलं. मी पुन्हा मारली. "रहन दव भैया," ती म्हणाली, "आदत पर गे हे." माफी मागितली. ती ओटा पुसायला लागली. उत्तराचं काही देणं ती मला लागत नव्हती.

त्याच दुपारी कुमारला फोन लावला.

"मैं दरवाज़ा नहीं खोलूँगा. और मेरा नाम बुधारू नहीं है."

"अच्छा?" तो हसला. "तो क्या है?"

त्याला खरंच माहीत नव्हतं. मी नाव सांगितलं. आडनावासकट.

मग अगदी शांतपणे, "बाबूजी कहाँ रहते हैं, याद है न?"

संध्याकाळी बाबांचा फोन. रडत होते. "बुधारू, काहून नाही म्हणलं रे? मले इथून काढून राहिले ना ते." त्या बुधवारपासून बाबांनी मला दुसऱ्या नावानं हाक मारलेली नाही. घरात नाही, माझ्या लग्नात नाही. कुणी ऐकलं तर म्हणून. मग सवयीनं.

"बाबा, सामान बांधा. मी येऊन राहिलो."

"मी नाही येत. तू जाय न दार उघड."

उद्या रविवार. मी कोठीवर जाणार आहे, बाबांना आणायला. सकाळपासून अन्न गेलेलं नाही. पगडीची गर्दी असेल, गाडी फुलांनी सजलेली असेल, कुमार तिच्या बंद दारापाशी थांबलेला असेल. मला बघून कुणीतरी बुधारू म्हणेल. मी थांबणार नाही. मग औटहाउसच्या दारातून बाबा हाक मारतील. घाबरलेली, म्हातारी हाक, आणि तीही त्याच नावाची.

त्या हाकेलाही मी ओ देणार नाही.