दाटी

"मॅडम, आजपासून तुमी त्या खिडकीपाशी अ‍ॅडजस्ट व्हा न. इथं दाटी होऊन राहिली."

मधली सुट्टी होती. मी डबा नुकताच उघडला होता. सीनियर मॅडम माझ्याकडे न बघता बोलल्या. टेबलाशी दोन खुर्च्या रिकाम्या होत्या.

अमरावतीच्या एका कॉलेजात मी तासिकेवर शिकवते. गाव अकोटजवळ, इथे खोली करून एकटी राहते. माझं आडनाव आमच्या गावात पाटलांचंही आहे, त्यावरून सगळ्यांनी मला आपल्यातलीच धरलं होतं. माझ्या डब्यातला ठेचा आधी संपायचा. आदल्या दिवशी भावाचं लग्न जमल्याचे पेढे वाटले. "कुठं हाय लग्न?" मॅडमनी विचारलं. मी म्हणाले, "गावच्या विहारात." पेढे टेबलावर तसेच राहिले.

अ‍ॅडजस्ट. एसटीत तिघींच्या सीटवर चौथी हेच म्हणत बसते आणि वर संत्रं सोलून हातावर ठेवते. शिंपी ब्लाऊज अ‍ॅडजस्ट करून देतो. सासरी निघालेल्या ताईला आईने तेच सांगितलं. इथे दुसऱ्यांच्या रजेतले तास माझ्यावर अ‍ॅडजस्ट होतात. शब्द कुठेही चालतो. सरकायचं कोणी, ते आधीच ठरलेलं असतं.

खिडकीपाशी जेवू लागले. पाठीमागे हशा चालायचा. अर्धा डबा तसाच परत न्यायचे. फोनवर आईला म्हणायचे, "बरं हाय माय."

एकदा मेळघाटातल्या धारणीकडची एक आदिवासी विद्यार्थिनी शंका विचारायला आली. "मॅडम, तुमी इकडं एकट्या काहून बसता?"

"इथं हवा येते."

"मले बी मेसमंधी हवेशीरच जागा देल्ली, मॅडम."

लाज वाटली. मी त्या टेबलवाल्यांची बाजू सांभाळत होते, तीही या पोरीसमोर.

दुसऱ्या दिवशी टेबलाशी जाऊन बसले. एकेक जण डबा घेऊन उठला. प्राचार्यांनी बोलावलं. "मॅडम, थोडं अ‍ॅडजस्ट करा. पुढच्या वर्षीचे तास मलेच द्यायचे हायेत."

"नका देऊ, सर. मी तिथंच बसीन."

आता त्या मोठ्या टेबलाशी मी एकटीच असते. बाकीचे व्हरांड्यात खेटून जेवतात. फार एकटं वाटतं, खोटं कशाला बोलू. जूनमध्ये तास मिळणार नाहीत, हेही दिसतं आहे. तोवर रोज बसेन. घंटा होईपर्यंत, सावकाश, पोटभर जेवेन.