सासूबाईंची चंची

आमच्या सासूबाईंच्या कमरेच्या चंचीला कोणी हात लावायचा नाही, हा घरचा कायदा होता. पान, सुपारी, चुना आणि घराच्या किल्ल्या, सगळं त्या कापडी पिशवीत, आणि पिशवी लुगड्याच्या आत घट्ट खोचलेली. मी देशावरची. घणसोली गावात सून म्हणून येऊन वीस वर्षं झाली, पण चंचीला कधी बोट लावलं नव्हतं.

त्या पावसाळ्यात सासूबाई डोंगरात शेवळं काढायला गेल्या. मी नको म्हटलं, तर बाजारातली रानभाजी शिळी असते म्हणून मलाच सुनावलं. दहाएक दिवसांनी ताप भरला. मलेरिया नाही, डेंग्यू नाही, आणि ताप कशाला दाद देईना. पाचव्या दिवशी धाप लागली, रक्तदाब कोसळला, तेव्हा आम्ही त्यांना आयसीयूत हलवलं.

तिथेही बाईंनी चंची सोडू दिली नाही. नर्स कमरेकडे वळली की ग्लानीतही तिचं मनगट धरायच्या. म्हातारीचा मान म्हणून सगळ्यांनी ऐकलं, मीही ऐकलं. शेवटी डॉक्टरबाईंनी विचारलं, अंगावर चावल्याची खूण आहे का, सगळं नीट पाहिलंय का? पाहिलं नव्हतं. वीस वर्षांचा कायदा मोडून मी गाठ सोडली. चंचीच्या खाली काळी खपली होती, विडीचा चटका बसावा तशी.

स्क्रब टायफस, डॉक्टरबाई म्हणाल्या. झाडीतल्या बारीक किड्यांच्या चाव्यातून होतो. त्यांच्या हाताखालच्या डॉक्टरला एकटं डॉक्सीसायक्लिन पुरेसं वाटत होतं. मी विचारलं, घसा धरल्यावर घेतो ते अझिथ्रोमायसिन नाही का चालणार? डॉक्टरबाई म्हणाल्या, एकेकटंही चालतं, पण आजार इतका चढल्यावर दोन्ही एकदम शिरेतून दिलेली बरी. मला शेवळंच आठवली. काकडाची आंबट फळं न घालता ती शिजवली की घसा खाजून जीव नकोसा होतो. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात मी अख्ख्या घराचे घसे तसे खाजायला लावले होते.

"द्या दोन्ही," मी म्हटलं. मला फार भीती वाटत होती.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. सासूबाईंनी डोळे उघडले आणि हात थेट कमरेकडे नेला. चंची माझ्या कमरेला होती, ओढणीत बांधलेली. ओशाळून मी गाठ सोडू लागले आणि बोलायचं म्हणून दोन औषधांची हकिगत सांगितली. त्या हसल्या.

"शेवलं काकडाबिगर शिजतान का?" मग चंचीकडे बघत म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे ती तुज्याच कमरंला. फकस्त पान काढून दे."

मी तिथेच हसत रडले. पान मात्र दिलं नाही. त्यावर बाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि ते दोन दिवस मी गुणगुणत काढले.