दयाबाईंचा न्याय

शिरूरच्या मिशनच्या आवारात न्यायाच्या बाबतीत दयाबाईंचा हात धरणारं कोणी नव्हतं. शेजारच्या साळूबाईची कोंबडी त्यांच्या अंगणात अंडं घाली, तेव्हा त्या ठणकावून सांगत, "ज्याचं अंगण, त्याचं अंडं!"

सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात त्यांचीच कोंबडी साळूबाईच्या गोठ्यात अंडी घालू लागली. बाईंनी ती अंडी पदरात घालून घरी आणली. "कोंबडी माझी, तर अंडी काय तुझी व्हय?" कालचा न्याय कालच्या कोंबडीपुरता होता.

साळूबाईनं गाऱ्हाणं नेलं, तसे पाळकसाहेब तावातावानं आले. "बाई, यातला खरा न्याय कोणता?"

"दोन्ही खरेच की, साहेब. आधी बसा तरी." दयाबाईंनी कांदा घातलेलं आम्लेट पुढं ठेवलं.

साहेबांनी डोळे मिटून देवाचे आभार मानले, एक घास खाल्ला आणि मग म्हणाले, "मीठ जरा कमी पडलंय."