अस्सीच्या पलीकडे

ट्रेनिंगची वेळ झाली की आमच्यातला एक जण काठी घेऊन गच्चीवर जायचा. वरच्या डिश अँटेनावर माकडं बसलेली असायची, आणि त्यांनी ती जरा हलवली की खाली टीव्हीवर नुसत्या मुंग्या दिसायच्या. नव्वदचं दशक संपत आलं होतं. आज ज्याला ऑनलाइन प्रशिक्षण म्हणतात, त्याचा तो गरीब पूर्वज होता. दिल्लीच्या बाई पडद्यावर बोलणार, आम्ही बनारसचे आरोग्य कर्मचारी हॉलमध्ये बसून ऐकणार, आणि शंका असली तर कोपऱ्यातल्या टेलिफोनवरून विचारणार. विषय होता, लोकांच्या चालीरीती समजून घेऊन काम कसं करावं.

मला या प्रकाराचा रागच होता. माझा जन्म पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत गेलेला, नोकरी आरोग्य खात्यात. सगळ्या जातीधर्मांच्या घरांत माझं रोजचं जाणंयेणं. आणि मला लोकांच्या चालीरीती कोण शिकवणार, तर टीव्ही! मी मागच्या रांगेत बसून स्वेटर विणायची.

बाई मात्र वाईट नव्हत्या. त्या म्हणायच्या, कुणी उपचाराला नाही म्हटलं की त्या नकाराच्या मागे बहुधा एखादी श्रद्धा असते. ती शोधा, तिचा मान राखा, म्हणजे वाट सापडेल. मग त्यांनी घरचा अभ्यास दिला. प्रत्येकानं असा एखादा नकार शोधून आणायचा.

मला शोधायला लांब जावं लागणार नव्हतं. एक नकार माझ्याच घरात माळ ओढत बसला होता.

माझी मावशी. काका गेल्यावर वाईचं घर दिराच्या हवाली करून ती काशीवासाला आली आणि आमच्याकडे राहिली. आल्या आल्या तिनं क्षेत्रसंन्यास घेतला. म्हणजे मरेपर्यंत काशीची हद्द ओलांडायची नाही, कारण मुक्ती मिळायची ती इथंच देह ठेवला तर. पहाटे घाटावर स्नान, येताना गल्लीतून भाजी, असा तिचा क्रम होता. भाजीवालीशी ती अशी घासाघीस करायची की ती बाई मला म्हणायची, "अम्मा से भगवान बचाएँ!" माझी मुलं दिवसभर हिंदीच बोलायची. मावशी त्यांच्या अगदी समोर बसायची आणि तोंडाकडं टक लावून ऐकायची. मला वाटायचं, आजीचं कौतुक, दुसरं काय.

मग तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढले. एका डोळ्यानं जवळजवळ दिसेनासं झालं होतं, दुसराही धूसर होत चालला होता. त्या हिवाळ्यात तिनं भाजी आणणं सोडलं, मुलांसमोर बसणं सोडलं, आणि मागच्या खोलीत माळ घेऊन बसायला लागली. डॉक्टर म्हणाले, लगेच ऑपरेशन करा, आणखी थांबलात तर डोळा हातचा जाईल. ऑपरेशन व्हायचं होतं अस्सी नाल्याच्या पलीकडच्या मोठ्या इस्पितळात.

"अस्सीच्या पलीकडे मी यायची नाही," मावशी म्हणाली. "वरुणा आणि अस्सीच्या मधली ती काशी. तिकडे काही बरंवाईट झालं तर माझी इतकी वर्षं पाण्यात."

मी समजावलं, चिडले, अबोला धरला. मावशी ढिम्म. आम्ही घरोघर जाऊन परक्यांना पटवायचो आणि माझ्या घरात एक बाई डोळ्यांदेखत आंधळी होत होती. मला रात्री जेवण जायचं नाही.

म्हणून पुढच्या वेळी स्वेटर बाजूला ठेवून मी फोन उचलला आणि बाईंना हे सगळं सांगितलं. बाईंनी उत्तर द्यायच्या आत हॉलच पेटला. लशीच्या पेट्या सांभाळणारा आमचा सहकारी उठला. "अरे दीदी, पंचकोसी के भीतर हौ, त कासी हौ!" आमच्यातली एक नर्स अस्सीच्या पलीकडे राहायची, तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "त हम लोग का कासी के बहरे रहीला?" म्हणजे आम्ही काय काशीच्या बाहेर राहतो? मग कुणी वरुणा काढली, कुणी आपल्या आजोबांचं मरण काढलं. फोन मी हातातच धरला होता, त्यामुळे दिल्लीच्या बाई पडद्यावर हात जोडून हे सगळं ऐकत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, मावशी ज्यांना मानतात अशा शास्त्रीबुवांना विचारा.

सल्ला मला पटला. आमच्या घाटावरच्या वृद्ध शास्त्रीबुवांकडे मी त्याच संध्याकाळी गेले. ते म्हणाले, "पंचक्रोशीच्या आत आहे ना? मग काशीच ती. खुशाल जा म्हणावं. आणि डॉक्टरला माझ्या डोळ्यांचंही विचार."

मी जवळजवळ पळतच घरी आले. मावशीसमोर बसून शास्त्रीबुवांचा निकाल वाजतगाजत सांगितला.

"ते मला ठाऊक आहे," मावशी म्हणाली. "पंचक्रोशीची प्रदक्षिणा पायी केलीय मी."

माझं डोकंच फिरलं. "मग इतके दिवस अस्सीचं काय लावलं होतंस?"

"अस्सी म्हटलं की पुढे कुणी विचारत नाही." ती थोडा वेळ माळेचे मणी चाचपत राहिली. मग म्हणाली, "डोळा किती दिवस बांधून ठेवतात गं?"

"थोडेच दिवस. आणि एकच बांधतात."

"दुसऱ्यानं मला कुठं दिसतंय? म्हणजे दोन्ही बांधल्यासारखेच." आणि मग खालच्या आवाजात, "मला हिंदी येत नाही."

मी हसले. "मावशी, अख्ख्या गल्लीची भाजी तू भाव पाडून आणायचीस!"

"तिच्या तोंडाकडं बघून आणायची. बोटं बघायची, कपाळावरची आठी बघायची. ती हिंदीत बोलायची, मी मराठीत, जमायचं. तुझी मुलं बोलतात ते पण मी बघूनच समजायची. आता तोंडंच दिसत नाहीत, तर नुसता आवाज येतो. इथं घरात बसून मला अर्धं कळत नाही, आणि तिथं डोळा बांधून निजवल्यावर रात्री दुखलं-खुपलं तर काय म्हणू, कुणाला म्हणू? मरायला मी भीत नाही. त्यासाठीच तर आलेय. मुकी होऊन पडायला भिते."

मला रडू फुटलं. इतकी वर्षं एका ताटात जेवलो आम्ही. तिच्याशी मी मराठीत बोलायची, पण माझं तिच्याशी बोलणं असायचं ते किती? औषध घेतलंस का, दार लावलंस का. बाकीचं सगळं घर तिच्या डोक्यावरून हिंदीत चाललेलं. मागच्या खोलीत ती नुसत्या मोतीबिंदूमुळे जाऊन बसली नव्हती. एवढं साधं माझ्या ध्यानीमनी आलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

त्या रात्री मी मुलांना दम भरला. दोघं दुसऱ्या दिवसापासून आजीशी मराठीत बोलायला लागली. परीक्षेला बसल्यासारखी, एकेक शब्द जुळवत. मावशी त्यांच्या चुका काढायची आणि खूश व्हायची.

पुढच्या ट्रेनिंगला बाईंनी आवर्जून विचारलं, शास्त्रीबुवांचा उपयोग झाला का. मी खरं काय ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "आपने उनसे पूछा कैसे?"

"मैंने नहीं पूछा," मी म्हटलं. "उन्होंने पूछा, आँख कितने दिन बँधी रहेगी."

बाईंनी मान खाली घालून काहीतरी लिहून घेतलं. तेवढ्यात वर माकड आलं असावं, चित्र गेलं.

मी रजा काढली. रिक्षात मावशी सारखी विचारत होती, "आली का अस्सी?" मागे गेली म्हटल्यावर तिनं गुपचूप हात जोडले. शास्त्रीबुवा कितीही म्हणोत, आपण आपली खबरदारी घेतलेली बरी.

ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी असेपर्यंत मी तिच्या खाटेशी बसून होते. वॉर्डात जे बोललं जाईल ते सगळं मला मराठीत सांगावं लागायचं. नर्स काय म्हणाली, वॉर्डबॉय कुणावर ओरडला, शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीचं सुनेशी काय बिनसलंय. शेजारचं भांडण तर ती मला पुन्हा सांगायला लावायची. इतकं आम्ही आधी कधी बोललो नव्हतो.

मग पट्टी काढायचा दिवस आला. डॉक्टरांनी ती हलकेच सोडवली आणि वाकून विचारलं, "अम्मा, कुछ दिखाई पड़ रहा है?"

मी सवयीनं तोंड उघडलं, तर मावशीनं मला हातानं थांबवलं. तिनं डॉक्टरांचे ओठ बघितले, भुवया बघितल्या, कपाळ बघितलं.

"दिसतंय की," ती मराठीत त्यांना म्हणाली. "आज दाढी करायची राहिलीय तुमची." आणि गालावरून हात फिरवून दाखवलं. डॉक्टरांनी आपल्या हनुवटीला हात लावला आणि मोठ्यानं हसले.

मावशी माझ्याकडं वळली. "आता तू घरी गेलीस तरी चालेल," ती म्हणाली. "मला हिंदी यायला लागली."