जागेश्वरचा जोड

तांडापेठेतल्या जागेश्वर पौनीकरच्या बोटांना धागा लहानपणापासून ठाऊक होता. बापाच्या हातमागावर त्यानं ऐन तारुण्यात लुगडी विणली. माग भंगारात गेल्यावर मेव्हण्याच्या हाताखाली प्लंबरकाम शिकला, आणि पाहतो तर धागा इथंही हजर! पाइपाच्या आट्यांवर धागा गुंडाळायचा, त्यावर सफेदा, म्हणजे पांढरी लुकण, चोपडायची आणि जोड आवळायचा. बाकीचे प्लंबर चार वेढे घालून मोकळे होतात. जागेश्वर एकेक वेढा असा बसवायचा की पाण्यानं हात टेकावेत. पंचवीस वर्षांत आपला एकही जोड गळला नाही, हे तो कोणी विचारो न विचारो, सांगायचाच.

डिसेंबरातल्या एका रविवारी इंदोरा वस्तीतून इंदूबाईंनी त्याला बोलावून घेतलं. पहिल्या मजल्यावर त्या आणि त्यांचे यजमान देवाजी, दोघंच राहत. देवाजींना अर्धांगवायू होऊन तीन वर्षं झाली होती. रोज सकाळी न्हाणीत स्टुलावर बसवून गरम पाण्यानं शेकलं की त्यांचा आखडलेला हात जरा सुटायचा. आता गिझर गळत होता आणि पाणी खालच्या बिऱ्हाडाच्या छतातून उतरत होतं.

"खालचे रोज भांडून राहिले, भाऊ," इंदूबाई म्हणाल्या. "काहीही करा, पण आज बंद करून द्या."

जागेश्वरनं गिझरखाली हात धरला आणि चटका बसून मागे घेतला. टाकी धड होती. गळत होता तो सेफ्टी व्हॉल्व्ह. पाणी नको तेवढं तापलं की आतला जोर बाहेर सोडायचा, एवढंच त्याचं काम, आणि तो ते इमानदारीनं करत होता. बिघडला होता थर्मोस्टॅट. पाणी तापल्यावर वीज तोडायची सोडून तो चिकटून बसला होता, आणि पाणी उकळतच राहत होतं. जागेश्वरला हे दोन मिनिटांत कळलं.

"थर्मोस्टॅट बदलावा लागते, बाई. आज दुकानं बंद हायेत. उद्या घेऊन येतो."

"अन् आजचं काय?"

आजचं म्हणून त्यानं व्हॉल्व्हच्या तोंडात बूच बसवलं. धागा, सफेदा, आणि पान्यानं करकचून आवळलं. मन एकदा चरकलं. एका दिवसाचा तर प्रश्न आहे, अशी त्यानं मनाची समजूत घातली. निघताना चपला घालता घालता म्हणाला, "लय वेळ चालू नका ठेवू." कशासाठी, ते सांगितलं नाही. इंदूबाईंना वाटलं, विजेच्या बिलासाठी म्हणतोय. घरोघरी सगळे तेच तर म्हणत असतात.

दुसऱ्या दिवशी बुटीबोरीच्या कामगार वसाहतीतलं मोठं काम निघालं आणि इंदूबाईंचं राहिलं. तिसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला.

"भाऊ, तवापासून एक थेंब नाही पडला गा! खालचेही चूप झाले. हात आहे का जादू आहे तुमचा?"

तेव्हा बोलायचं होतं त्यानं. बाई, गिझर लावूच नका, मी येईपर्यंत गॅसवर पाणी तापवा. एवढंच. पण कौतुक कानावर पडलं आणि गड्याची जीभ उचलेना. हा जोड चुकीच्या जागी बसलाय, हे स्वतःच्या तोंडानं कसं सांगायचं? "येतोच दोन दिवसांत," म्हणून त्यानं फोन ठेवला. त्याची बायको भागीरथा, तिनं दोनदा आठवण करून दिली. दोन्ही वेळा तो तिच्यावरच खेकसला. माणसाचा राग यावा तो इथं.

नवव्या दिवशी पारा आठवर उतरला. गारठा फार, म्हणून इंदूबाईंनी गिझर रोजच्यापेक्षा जास्त, पाऊण तास चालू ठेवला. देवाजींना स्टुलावर बसवून त्या टॉवेल आणायला खोलीत गेल्या, आणि टाकी फुटली. सगळं उकळतं पाणी देवाजींच्या अंगावर आलं. पळायचं म्हटलं तरी त्या माणसाला उठता येत नव्हतं. दवाखान्यात ते दोन दिवस जगले. पोलीस पंचनामा करून, अपघात लिहून निघून गेले.

देवाजी गेल्यावर पाचव्या दिवशी जागेश्वर भेटायला गेला. इंदूबाईंची मुलगी दीप्ती आलेली होती, तिनं चहा आणून दिला. तो कप घेऊनच तो इंदूबाईंच्या मागोमाग न्हाणीत गेला. टाकीचा पत्रा फाटून उलटा झाला होता. खाली व्हॉल्व्ह पडला होता, बूच जसंच्या तसं.

"पाहा भाऊ, सारं फुटलं, पण तुमचं काम हाललं नाही," इंदूबाई म्हणाल्या. "कंपनीनंच दगा दिला. दीप्ती म्हणते, केस करू. तुमी साक्ष द्याल ना?"

हो म्हणाला असता, तर त्याला विचारणारं कोणी नव्हतं.

"बाई, ते हाललं नाही, म्हणूनच फुटलं," जागेश्वर म्हणाला. "तिथून पाणी गळालंच पायजे होतं. मले ठाऊक होतं."

इंदूबाईंनी विचारलं, "मी फोन केला तवाही ठाऊक होतं?"

"हो."

"मंग काहून नाही सांगितलं?"

इंदूबाईंनी त्याच्या हातातला कप काढून घेतला, चहा मोरीत ओतला आणि दीप्तीला हाक मारून म्हणाल्या, "पोलिसायले फोन लाव."

जागेश्वर बाहेर जाऊन जिन्याच्या पायरीवर बसला. खालचं फाटक सताड उघडं होतं. तो पोलिसांची वाट पाहत राहिला.