एक हिसका म्हणजे थांब

आजवर एका माणसाखेरीज कुणालाच सांगितलं नाही, ते आधी सांगतो. कोल्हारच्या विहिरीत दादूभाईंचा डावा कान फुटला, तेव्हा माझ्या हातून दोर निसटला नव्हता. मी तो सोडला होता.

दादूभाई गेल्याचं सव्वा महिन्यापूर्वी मला नगरला कळलं. हिवतापानं तीन दिवसांत गेले. शाळेच्या कामात अडकलो होतो, मातीलाही पोचलो नाही... ते जातीचे पिंजारी. हिवाळ्यात गाद्या भरायच्या आणि उन्हाळ्यात लोकांच्या विहिरीत पडलेल्या वस्तू बुडी मारून काढायच्या. प्रवरेच्या डोहात मला बुडी त्यांनीच शिकवली. पहिल्याच वेळी मी कान दाबत वर आलो, तर हसले. "मास्तर, कानासंगं कुस्ती खेळायची न्हाई. नाक चिमटीत धरा, तोंड मिटा, अन् हळूच फुंका, लेकराच्या डोळ्यात फुंकर घालतो तसं. टक्क झालं की हातभर खाली. दुखायच्या आदीच फुंकायचं. न्हाईच सुटला कान, तर वर यायचं. पानी कुठं पळून चाललंय?" पडसं असलं की ते पाण्यात पाय घालत नसत.

लढाईचे दिवस होते, लोखंड मिळत नव्हतं. अशात एका मळ्यातल्या विहिरीत मोटेचं लोखंडी कडं पडलं. गळ टाकून माणसं थकली, वर ऊस वाळत होता. दादूभाईंचं पडसं नुकतंच सरलेलं. दोन दिवस थांबा म्हणाले, पण मालक ऐकेनात. शेवटी उतरले. झटकन खाली जायला पायाखाली दगड, कमरेला काथ्याचा दोर आणि दोराचं टोक माझ्या हातात. एक हिसका म्हणजे थांब, कान सुटला नाही. दोन म्हणजे सोड. हे आमचं कायमचं ठरलेलं.

दोनदा अर्ध्यातून परत आले. काठावर माणसं जमली होती. मालक म्हणाले, "मास्तर, ही बुडी हाय का नव्या सुनंचं नांदनं? दोन पावलं जाती अन् माघारी येती." सगळे खदखदून हसले, माझ्याकडे बघून. तिसऱ्या वेळी दोन पुरुष खोलीवर हिसका आला. एकच. मला तो स्वच्छ कळला, आणि मी दोन हात दोर सोडला. दगडासकट ते तसेच खाली गेले.

मग दोर वेडावाकडा ओढला जाऊ लागला. वर काढले तेव्हा कानातून रक्त येत होतं, ओकाऱ्या थांबत नव्हत्या. "वर कुठं अन् खाली कुठं, कायबी उमजंना," एवढंच म्हणाले. मी म्हणालो, दोर निसटला. त्यांनी माझे दोन्ही तळहात उलगडून पाहिले, बराच वेळ. "वल्या दोराचं काय खरं न्हाई," म्हणाले. मला वाटलं, माझी समजूत काढताहेत.

तो कान कायमचा गेला, बुड्या सुटल्या. मालक सांगत सुटले, पडशात उतरला, त्याचीच चूक. मी ऐकून घेतलं. पुढे दादूभाई दुसऱ्यांचा दोर धरू लागले. एक हिसका आला की खुंटीसारखे थांबत, काठावर कुणी कितीही ओरडो. नगरला बदली होईपर्यंत मी रोज त्यांच्या उजव्या बाजूनं चालायचो. आज सांगू म्हणायचो, आणि पाऊसपाणी बोलून घरी यायचो...

गेल्या आठवड्यात त्यांच्या घरी भाभींकडे, त्यांच्या बायकोकडे, गेलो आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. त्या वाकळ शिवत होत्या. सुई थांबली नाही.

"त्यास्नी ठावं हुतं," म्हणाल्या. "त्याच दिशी मला म्हनले, काथ्याचा दोर निसटला असता तर मास्तरचं हात सोलून निगालं असतं. साधं खरचटलंबी न्हवतं."

"मग मला बोलले का नाहीत?"

"म्याबी तेच इचारलं. म्हनले, जोर लावून वदवून घ्यायचं न्हाई. सांगतील त्यांच्या येळंला." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "लई येळ लावला तुमी, मास्तर. च्या टाकू का?"

चहा घेतला. परतताना इतकं हलकं वाटलं, की त्या हलकेपणाची थोडी लाजच वाटली. इतकी वर्षं ते सगळं जाणून माझ्यासोबत चालत होते.

त्यांची माफी मागायची राहिली, ती आता मागता येणार नाही. पण पडशात उतरला ही त्याचीच चूक, असं कोल्हारात अजून म्हणतात. त्या विहिरीच्या काठावर, त्याच माणसांदेखत, चूक माझी होती असं तोंडानं सांगायचं, एवढं दादूभाईंचं देणं मी अजून लागतो.