खडूने लिहिलेले सोळा तास

पोलादाच्या ओतशाळेत त्यांना शेकोटीमामा म्हणत. वितळलेलं पोलाद ज्या भल्यामोठ्या बादलीतून साच्यात ओततात, तिला आतून ओल्या मातीचा जाड लेप असतो. तो बर्नर लावून वाळवायचा, हे त्यांचं सव्वीस वर्षांचं काम. सोळा तास म्हणजे सोळा तास. पंधराव्या तासाला कुणी घाई केली की मामा खेकसत, "पाणी दिसत नाही म्हणजे गेलं असं नाही रे बाबा!"

आणि त्याच मामांनी गेल्या आठवड्यात नवव्या तासालाच बर्नर बंद केला. लेप लालबुंद दिसत होता, वाफ थांबली होती, कंबर भरून आली होती. वर बादलीच्या पत्र्यावर खडूने 'सोळा' लिहून मोकळे झाले. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. इथे तर धड कोरडंही नव्हतं.

त्याच बादलीतून लोखंडी पत्रे दाबणाऱ्या एका अवजड प्रेसची चौकट ओतली गेली. साच्यातून निघाली ती इतकी देखणी, की साहेबांनीही तिच्यावरून हात फिरवला. मामांची मात्र पाचावर धारण बसली. लेपात उरलेल्या पाण्यातला हायड्रोजन पोलादात शिरतो आणि जाड भागातून सहजी बाहेर पडत नाही. पोलाद गार झालं की ठिसूळ होतं, आणि दोन-चार दिवसांनी, कुणी बोटही न लावता, तडकतं. असाच एक दुभंगलेला भाग झाडूवाल्या बाईंच्या पायावर कोसळलेला त्यांनी पूर्वी पाहिला होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी मामा चहाचा कप घेऊन ओतशाळेच्या आवारात आले, तर चौकटीच्या माथ्यावर तिथेच कामाला असलेला त्यांचा जावई बसलेला. चिकटलेली वाळू छिन्नीने काढत होता. प्रत्येक ठोक्याला मामांची नजर चौकटीच्या जाड कोपऱ्याकडे जाई. सांगावं तर अब्रू जाते, न सांगावं तर लेकीचा संसार. चहा तसाच टाकून ते प्रयोगशाळेत, पोलाद तपासणाऱ्या बाईंकडे गेले.

"बाई, खडू खोटा आहे."

"कसला खडू?"

"बादली नऊच तास शेकली मी."

बाई ताडकन उठल्या. "आधी माणसं उतरवा! चौकट भट्टीत घालू, हळूहळू तापवून चार दिवस गरमच ठेवू. निघेल तेवढा हायड्रोजन निघेल."

जावई कुरकुरत उतरला. "अहो मामा, थोडंच राहिलं होतं."

क्रेन येईपर्यंत सगळे लांब उभे राहिले. तेवढ्यात आवाज झाला. फार मोठा नाही, वाळकं लाकूड मोडावं तसा. चौकटीच्या कोपऱ्यापासून जावई बसला होता तिथपर्यंत चीर गेली, आणि वर राहिलेली छिन्नी खणकन खाली पडली.

संध्याकाळी दोघं बरोबरच घरी निघाले. जावयाने चार शिव्या दिल्या असत्या तरी मामांना त्या परवडल्या असत्या.

"मामा, याआधी किती वेळा?"

"एकदाच. हीच."

हे खरं होतं. जावई नुसता चालत राहिला.

"एकदाच हो," मामा पुन्हा म्हणाले, आणि त्यांचा आवाज त्यांनाच खोटा वाटला.